तेराव्याच्या आत : लंडन–मुंबई अंतराचा इतिहास

लंडन मुंबईपासून किती लांब आहे, हे आमच्या तिकडच्या नातेवाइकांपैकी कुणीही मला आजवर मैलांत विचारलेले नाही. सगळे एकच विचारतात, "किती तास लागतात?" त्यांचे बरोबरच आहे. मैल कागदावर असतात, तास माणसाच्या अंगावरून जातात.

तरी एकदा मैलांचे, म्हणजे किलोमीटरचे, उत्तर देऊन टाकतो. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर हीथ्रो ते मुंबई हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. हा दोरा युरोपवरून काळ्या समुद्राकडे जातो, कॉकेशसचे डोंगर ओलांडतो आणि इराणवरून अरबी समुद्राकडे उतरतो. त्याचा मध्यबिंदू जॉर्जिया आणि आर्मेनिया यांच्या सीमेच्या आसपास पडतो. पुढच्या वेळी विमानातल्या पडद्यावर नकाशा दिसला तर पाहा. तिथे आलात की जितके माहेर मागे, तितकेच सासर पुढे. (कोणते माहेर आणि कोणते सासर, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

हा ७,२०० चा आकडा शिवाजीमहाराजांच्या वेळीही तेवढाच होता. बदलत गेला तो वेळ, आणि तो मोजायला मी एक घरगुती माप वापरणार आहे. माप थोडे अशुभ वाटेल, पण परदेशी राहणाऱ्या प्रत्येक घराने ते कधी ना कधी मनात वापरलेले असते. घरून वाईट बातमी आली तर तेराव्याच्या आत पोहोचता येईल का? या प्रश्नात दोन अंतरे आहेत. एक बातमीचे, दुसरे माणसाचे. लंडन–मुंबई प्रवासाचा इतिहास म्हणजे या दोन अंतरांमधल्या फरकाचा इतिहास, असे मला वाटते.

शिडाच्या जहाजांच्या काळात दोन्ही अंतरे सारखीच होती, कारण बातमीही माणसाबरोबरच जहाजात बसून यायची. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून हा रस्ता सुमारे वीस हजार किलोमीटरचा, म्हणजे सरळ रेषेच्या पावणेतीनपट होता. वारा चांगला मिळाला तर चार महिने, नाही तर सहा. पत्र पाठवून उत्तर हातात पडायला वर्ष गेले तर कुणाला नवल वाटत नसे.

या रस्त्याला फाटा देऊन इकडे आलेल्या पहिल्या मराठी मंडळींत राघोबादादांच्या वकिलांचा मान मोठा आहे. १७८१ साली हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्याबरोबर मणियार हे पारशी गृहस्थ लंडनला पोहोचले. एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेऊन ठेवले आणि त्यांचा स्वयंपाक त्यांना सोवळ्यात करता यावा अशी सोय करून दिली. आज बीकन्सफील्ड हे लंडनबाहेरचे उच्चभ्रू गाव आहे. तिथे कुणा मराठी माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी भाताचे आधण ठेवले होते, हे तिथल्या किती लोकांना ठाऊक असेल? राघोबांचे हे ब्राह्मण वकील सुएझपर्यंत समुद्राने आले आणि परतताना इराणच्या वाटेने गेले. घरी पोहोचल्यावर त्यांना वाळीत टाकण्यात आले, आणि अखेर सोन्याची योनिप्रतिमा करून तीतून पार झाल्यावर, म्हणजे पुन्हा जन्म घेतल्यावर, त्यांना जातीत घेतले, अशी त्या काळच्या एका इंग्रज लेखकाची नोंद आहे. प्रवासाला लागलेल्या महिन्यांत हा पुनर्जन्माचा वेळही धरायला हवा.

त्यांच्यानंतरचे मोठे नाव रंगो बापूजी गुप्ते यांचे. इंग्रजांनी १८३९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवले आणि काशीला नेऊन ठेवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला आले ते जवळजवळ चौदा वर्षे इथेच राहिले आणि १८५३ मध्ये परतले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर लिहिले आहे, ते मुळातून वाचावे. मला इथे एवढेच सांगायचे आहे की, त्यांच्या विरोधातला सर्वांत बळकट वकील हे अंतरच होते. साताऱ्यात निर्णय झालेला, कागद कलकत्त्यात आणि दाद लंडनमध्ये मागायची. प्रत्येक प्रश्न समुद्रावरून जाणार आणि प्रत्येक खुलासा समुद्रावरून येणार. कंपनीच्या संचालकांना काही नाकारावेही लागत नसे. 'हिंदुस्थानातून माहिती मागवली आहे' एवढे म्हटले की महिने निघून जात. १८४७ च्या ऑक्टोबरात महाराज काशीला वारले. त्यांचा वकील तेव्हा लंडनमध्येच होता. ज्याच्यासाठी भांडायचे तो माणूस या जगात नाही, हे कळण्याआधीचे ते आठवडे रंगो बापूजींनी नेहमीसारखेच अर्ज लिहिण्यात घालवले असणार.

आणि हा काळ अंतर कमी झाल्यानंतरचा आहे, बरे का! कारण तोवर वाफेची बोट आली होती. मुंबईच्या गोदीत, पारशी वाडिया घराण्याच्या हाताखाली बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि ३२ दिवसांनी सुएझला लागली. तिच्यात कोळसा इतका भरला होता की माणसांना जागाच नव्हती म्हणतात. त्यासाठीचा कोळसाही इंग्लंडहून आणून वाटेवर साठवावा लागे. पुढे १८३९ च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतले, त्याचे एक मोठे कारण हेच : बोटींना कोळसा भरायला मधले ठिकाण हवे होते. सुएझला उतरायचे, वाळवंट ओलांडून कैरो, तिथून नाईल आणि कालव्याने अलेक्झांड्रिया, मग पुन्हा बोट. थॉमस वॅगहॉर्न नावाच्या नौदलातल्या खटपट्या अधिकाऱ्याने ही वाट टपालासाठी बसवून दिली. मुंबई–लंडन पत्राला आता महिना-सव्वा महिना लागू लागला.

१७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि समुद्राचा रस्ता वीस हजारांवरून साडेअकरा हजार किलोमीटरवर आला. शाळेत आपण सगळ्यांनी हे पाठ केले आहे. पण माझ्या मते आपल्यासारख्यांच्या दृष्टीने खरी उलथापालथ त्याच्या पुढच्या वर्षी झाली, आणि ती पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटपलेली असते. जून १८७० मध्ये कॉर्नवॉलच्या पोर्थकर्नो या किनाऱ्यापासून मुंबईपर्यंत समुद्राखालून तारेची केबल जोडली गेली. लंडनहून मुंबईला संदेश आता मिनिटांत जाऊ लागला. त्याआधी इराणी आखातातून जाणारी तार होती, पण ती अनेक देशांच्या जमिनीवरून, अनेक कारकुनांच्या हातांतून जाई आणि वाटेत तिचा काय अर्थ होईल याचा भरवसा नसे.

म्हणजे १८७० नंतर बातमीचे अंतर जवळजवळ शून्य झाले आणि माणसाचे राहिले तीन आठवड्यांचे. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे ते दुखणे तिथे जन्माला आले. कळते सगळे, पण जाता येत नाही. पूर्वी बातमी कळेपर्यंत वर्षश्राद्ध जवळ आलेले असायचे. आता दहावा होण्याआधी कळायचे आणि बोट सुएझही गाठत नसायची.

यावर तिकडच्या वडीलधाऱ्यांनी एक उपाय काढला : कळवायचेच नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गांधीजींचे. ते १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने बॅरिस्टर व्हायला इकडे आले. ते इथे असताना त्यांच्या आई पुतळीबाई वारल्या. थोरल्या भावाने ती बातमी त्यांच्यापासून राखून ठेवली. १२ जून १८९१ ला ते लंडनहून निघाले, एडनला बोट बदलली आणि ५ जुलैला मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांना आई गेल्याचे कळले. परक्या देशात एकट्याने हा धक्का सोसायला नको, हा भावाचा हेतू होता, असे गांधीजींनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. तार होती, पण पाठवली गेली नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी 'परीक्षा आहे, इतक्यात सांगू नका' असे कधी झाले असेल, त्यांना हा भाऊ लगेच ओळखता येईल.

गांधीजींचा तो प्रवास २३ दिवसांचा झाला. हेच गांधीजी ४० वर्षांनी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ ला 'राजपुताना' बोटीने मुंबईहून निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये पोहोचले. १४ दिवस. आदल्या वर्षी पहिल्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर ४ ऑक्टोबरला 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघून १८ ला पोहोचले, तेही १४ दिवसच. घाईतले प्रवासी मार्सेलिसला उतरून रेल्वेने फ्रान्स पार करत. त्यामुळे स्पेनचा सगळा वळसा आणि बिस्केच्या उपसागरातल्या उलट्या वाचत. मुंबईत बॅलार्ड पिअरला बोट लागली की धक्क्यावरच्याच स्टेशनातून पंजाबकडे गाडी सुटायची. म्हणजे साहेबाच्या राज्यात या प्रवासातून जेवढा वेळ पिळून काढता येईल तेवढा काढलेला होता. उत्तर आले १४. आमच्या मापाने एक दिवस उशीर!

हे वेळापत्रक शांततेच्या काळचे. युद्धात सगळेच कोलमडायचे. चिरोलवरच्या खटल्यासाठी लोकमान्य १९१८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाले ते महिन्याहून अधिक प्रवास करून ऑक्टोबरअखेर लंडनला पोहोचले. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. आंबेडकर शिक्षण अर्धवट ठेवून लंडनहून परतले. ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या बोटीवर होत्या आणि ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली.

आता आकाशाकडे वळू. ३० मार्च १९२९ ला इंपीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून हिंदुस्थानची टपाल व प्रवासी सेवा सुरू केली. हिला विमानप्रवास म्हणताना जरा जपूनच म्हणावे लागते. क्रॉयडन ते बाझेल विमान, बाझेल ते जेनोआ चक्क आगगाडी, तिथून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारी उडती बोट, आणि पुढे गाझा, बगदाद, बसरा करत दुसरे विमान. एकूण सात दिवस, भाडे १३० पौंड. रात्री उडायचे नाही, मुक्काम करायचा. आणि हे सगळे करून माणूस उतरायचा कराचीला! मुंबई त्या नकाशावर नव्हतीच. पुढे हा मार्ग वाढवला तोही जोधपूर, दिल्ली, कलकत्ता असा. अपोलो बंदरावर 'गेटवे ऑफ इंडिया' बांधून जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि हिंदुस्थानचे दार कराचीला सरकले होते.

मुंबईला पुन्हा या रस्त्यावर आणले ते जे. आर. डी. टाटांनी. त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. आगाखानांनी हिंदुस्थान–इंग्लंड एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून निघाले आणि अ‍ॅस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अ‍ॅस्पी कराचीला पोहोचला तेव्हा जे. आर. डीं.ना इंग्लंड गाठायला काही तास उरले होते. बक्षीस अ‍ॅस्पीला मिळाले, आणि पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. एका छोट्या पुस मॉथ विमानातून इंपीरियलने आणलेले टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला विमानात पेट्रोल भरले ते बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाचे व्हायचे, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला. लंडनचे पत्र आता आठवडा-सव्वा आठवड्यात गिरगावात पडू लागले. आणि पैसे असतील तर माणूसही त्याच हिशेबात येऊ शकत होता. इतिहासात पहिल्यांदा प्रवास तेराव्याच्या आत आला तो इथे. आपल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९३२ चीच. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

मुंबई–लंडन असे सलग तिकीट हिंदी कंपनीच्या विमानाचे मिळायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करत साधारण एका दिवसात लंडनला पोहोचले. १४ दिवसांचा एक दिवस झाला! पण भाडे होते १,७२० रुपये आणि विमान आठवड्यातून एकदा. वेळापत्रकात लिहिलेले २४ तास आणि खरे तास यांत हा फरक असतोच. रविवारी तार आली आणि विमान शुक्रवारी असले, तर तो प्रवास एका दिवसाचा नाही, सहा दिवसांचा.

या वेगाची किंमतही आल्प्सच्या बर्फात मोजली गेली. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लाँवर आदळले आणि ४८ जण गेले. त्यांतले बहुतेक इंग्लंडातल्या बोटींवर कामाला निघालेले खलाशी होते. २४ जानेवारी १९६६ ला जवळपास त्याच जागी 'कांचनजंगा' हे बोईंग आदळले, ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. भाभांचे नाव आपल्या लक्षात राहिले, खलाशांचे कुणाच्याच राहिले नाही. तिथली हिमनदी अजूनही एकेक वस्तू खाली आणून देते. २०१२ मध्ये टपालाची एक सरकारी थैली सापडली, २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान होणार या बातमीची वर्तमानपत्रे. लंडन–मुंबई मार्गावरचे सर्वांत सावकाश पोहोचलेले टपाल तेच असावे.

१९६० मध्ये बोईंग ७०७ आले आणि प्रवास अर्ध्या दिवसाच्या आसपास आला, १९७१ मध्ये जम्बो आले. तरी साठीच्या दशकात इकडे आलेल्या आपल्या पिढीतले कितीतरी डॉक्टर आणि इंजिनिअर बोटीनेच आले, कारण बोट स्वस्त होती आणि सामान हवे तेवढे नेता यायचे. 'व्हिक्टोरिया' आणि 'आशिया' या इटालियन बोटींची नावे ज्येष्ठांच्या तोंडून आजही ऐकू येतात. १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो १९७५ पर्यंत. बोटींना पुन्हा वास्को द गामाची वाट धरावी लागली आणि प्रवासी बोटींचा जमाना तिथेच संपत आला. १९७६ मध्ये मुंबई–लंडन थेट फोन डायल करता येऊ लागला. त्याआधी कॉल बुक करून तासन् तास बसायचे आणि लागला की सगळ्यांनी एकदम ओरडायचे.

जेट विमान आणि रुग्णालयातले शीतगृह, या दोन गोष्टींनी मिळून आपल्या मापाची एक खूण पुढे सरकवली. तेरावाच काय, अग्नी द्यायलाही पोहोचता येऊ लागले. 'लंडनचा मुलगा निघाला आहे, उद्या सकाळी उतरतो' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत उच्चारले गेले असेल. अंत्यदर्शनासाठी थांबण्याची ही प्रथा शास्त्रात कुठेही नाही, ती विमानाच्या वेळापत्रकाने पाडली. आमचे वसईचे ख्रिस्ती मित्र सांगतात की त्यांच्याकडेही दफन एक दिवस पुढे ढकलतात ते याच कारणाने.

मग २०२० चा मार्च आला. भारताने आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली, आणि नऊ तासांचे अंतर एका रात्रीत अनंत झाले. बातमीचे अंतर मात्र शून्याहून कमी, कारण फोनच्या पडद्यावर सगळे प्रत्यक्ष दिसत होते. त्या वसंतात आमच्या ओळखीच्या दोन घरांनी वडिलांना टॅब्लेटवर निरोप दिला. एका घरी गुरुजी पुण्यातून मंत्र सांगत होते आणि मुलगा हॅरोच्या स्वयंपाकघरात दर्भ नाही म्हणून अंगणातल्या गवताची काडी बोटाला गुंडाळून बसला होता. मे महिन्यात 'वंदे भारत' योजनेची विमाने सुरू झाली, पण नाव यादीत लागायला हवे, आणि उतरल्यावर विलगीकरणाचे १४ दिवस. पुन्हा तोच बोटीचा आकडा! नेहमीची विमानसेवा पूर्णपणे सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला.

आकाशातल्या रस्त्यांनाही कालव्यासारखीच दारे असतात, हे आता आपण शिकलो आहोत. २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने आकाश बंद केले, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरचे बंद झाले, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना वाट बंद केली. म्हणून मी सुरुवातीला सांगितलेला ताणलेला दोरा विमानाला तसाच धरता येतो असे नाही. एरवी थेट विमान मुंबईला जाताना नऊ तासांच्या आसपास घेते आणि येताना थोडे अधिक, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना पाठीवर असतात, येताना तोंडावर.

या नऊ तासांत हिशेबात न धरलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, मुंबईला उतरल्यावर ज्यांचे गाव राजापूर, सावंतवाडी किंवा लातूर, त्यांना पुढे आणखी तितकाच वेळ. दुसरी, ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला पण ओसीआय कार्ड काढले नाही, त्यांचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, व्हिसाच्या अर्जावर सुरू होतो, आणि तिथले दिवस कोणत्याच वेळापत्रकात छापलेले नसतात. मंडळातल्या तरुण जोडप्यांना मी हेच सांगतो : मुलांचीही कार्डे आत्ताच काढून ठेवा, आणि पासपोर्टाच्या शेजारी, एकाच खणात ठेवा.